पागोळी कुठं पडते?

प्रश्न : ताई, मी एसटीतून निवृत्त झालो. संगमेश्वर तालुक्यात आमचं जुनं चिऱ्याचं घर आहे. 18 फूट रुंद, 26 फूट खोल, वर मंगलोरी कौलं. पुढच्या भिंतीला दहा-बारा वर्षांपूर्वी सिमेंटचा गिलावा केला, त्याचे दर वर्षी पोपडे सुटतात. खालचा दोन फुटांचा पट्टा पावसात लाल होतो. मुलगा ठाण्याला असतो. तो म्हणतो, पुढच्या बाजूला दगडासारख्या दिसणाऱ्या टाइल लावू, दोन गोल खांब उभे करू, घराला एलिव्हेशन येईल. गणपतीपर्यंत व्हायला हवं. हाताशी दीड लाख आहेत.

उत्तर : काका, चिऱ्याच्या घराला दगडासारखी दिसणारी टाइल लावायची म्हणजे दारात हापूसचं कलम असताना बाटलीतला आमरस आणण्यासारखं आहे. मुलाला हे माझ्या नावावर खुशाल सांगा.

हा उद्योग मी स्वतः केलेला आहे. नुकती आर्किटेक्ट झाले होते आणि राजापूरकडच्या आमच्या घराची दर्शनी भिंत मी हौसेनं व्हिट्रिफाइड टाइलनं मढवली. दुसऱ्याच पावसाळ्यात मधल्या रांगेतल्या चार टाइल रात्री खाली आल्या. सकाळी बाबा घमेल्यात तुकडे गोळा करत होते. मला एक शब्द बोलले नाहीत.

चिरा म्हणजे जांभा दगड, आणि जांभ्याच्या अंगात भोकंच भोकं. तो पाणी पितो आणि ऊन पडलं की सोडतो. वरून सिमेंटचा घट्ट गिलावा चढवला की आत गेलेल्या पाण्याची वाट बंद होते आणि ते गिलाव्यालाच ढकलून बाहेर येतं. तुमचे पोपडे हेच आहेत. व्हिट्रिफाइड टाइल तर अर्धा टक्कासुद्धा पाणी शोषत नाही, त्यामुळे साध्या सिमेंटला तिच्या पाठीवर पकडच मिळत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. त्यात हे किती टिकणार?

तुमच्या पत्रात मला खरी कामाची गोष्ट सापडली ती त्या लाल पट्ट्याची. याचा अर्थ तुमच्या छपराची कड आखूड आहे. पागोळ्या, म्हणजे छपराच्या कडेवरून गळणाऱ्या पाण्याच्या धारा, भिंतीच्या पायाशी पडतात आणि अंगणातली माती उडून भिंतीवर बसते. पूर्वी पश्चिमेच्या बाजूला झापांची, म्हणजे विणलेल्या माडाच्या झावळ्यांची, झड (आडोसा) बांधायचे, ते उगाच नाही. म्हणून पैसे भिंतीवर घालू नका, छपरावर घाला.

पुढं पाच फुटांची पडवी काढा. तुमच्या भिंतीची उंची तुम्ही लिहिलेली नाही. वासे नऊ फुटांवर टेकत असतील असं धरते. छपराचा उतार 25 अंशांच्या आसपास असेल तर तेच पाखं (छपराची उतरती बाजू) सरळ पाच फूट पुढं आणल्यावर कड सव्वादोन फूट खाली येते, म्हणजे पावणेसात फुटांच्या जरा आत. डोकं आपटत नाही, आणि रस्त्यावरून पाहणाऱ्याला आधी छप्पर दिसतं, मग सावली, मग भिंत. लहान घर भारदस्त दिसतं ते या सावलीमुळे. वासे आठ फुटांवर असतील तर मात्र पडवी तीन फुटांचीच करा, नाहीतर जावई प्रत्येक वेळी कपाळ चोळत आत येतील.

गोल खांब नकोत. चौकोनी लाकडी खांब किंवा लोखंडी पाइप, पण त्याचा पाय जमिनीत गाडू नका. दीड फूट उंच चिऱ्याच्या बैठकीवर उभा करा, म्हणजे कुजणार-गंजणार नाही. दोन खांबांमध्ये त्याच उंचीचा कट्टा बांधलात की संध्याकाळी बसायची सोय झाली.

कौलं घेताना जपून. मंगळुरात बासेल मिशननं 1865 साली कारखाना काढला तेव्हापासून ही साच्यातली कौलं आपल्याकडे आहेत, पण प्रत्येक कारखान्याचा साचा थोडा निराळा. तुमचं एक कौल पिशवीत घालून घेऊन जा आणि दुकानातल्या कौलावर बसवून बघा. खाच नीट बसली नाही तर स्वस्त मिळालं तरी परत या. मोडलेल्या जुन्या घरांची कौलं पुष्कळदा जास्त चांगली जुळतात.

उरलेल्या पैशांत पुढचा गिलावा छिन्नीनं हळू काढून घ्या. मशीन लावू नका, चिरा फुटतो. आतला चिरा शाबूत निघाला तर दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधल्या फटी, चुन्यात भरा आणि भिंत तशीच उघडी ठेवा. चकचकीत वॉर्निश कोणी सुचवलं तर हात जोडा. चिरा फुटका निघाला तर चुन्याचा गिलावा, त्यावर पांढरा रंग, आणि जोत्यालगत दीड फूट गेरूचा पट्टा. आपल्या जुन्या लोकांनी तो पट्टा शोभेसाठी ओढला असं वाटतं, पण उडालेली माती त्यात लपते हा खरा हिशोब. नवी पागोळी जिथं पडेल तिथं हातभर रुंद खडी पसरा.

आता गणपतीचं. छपराचं काम मे महिन्यात उरकून घ्या. भिंतीला दिवाळीनंतर हात लावा, ती कोरडी झाल्यावर. यंदा बाप्पा नव्या पडवीत आणि जुन्या भिंतीसमोर बसतील. आरतीला पडवीत वीस माणसं कोरडी उभी राहिली की मुलगा टाइलचं नाव काढणार नाही.

प्रश्न : सांगलीजवळ एका गुंठ्यात आमचं स्लॅबचं घर आहे, तोंड पश्चिमेला. पुढं निळी काच लावली तर मॉडर्न दिसेल का?

उत्तर : दिसेल, आणि एप्रिलमध्ये तुम्ही मागच्या खोलीत राहायला जाल. दुपारनंतरचं पश्चिमेचं ऊन तिरपं येतं, ते छज्ज्याच्या खालून आत शिरतं. त्याला आडवं छप्पर अडवत नाही, उभा आडोसा लागतो. खिडकीपासून दीड फूट पुढं लोखंडी चौकट उभी करा, तिच्यावर तारा ओढा आणि मधुमालती चढवा. भिंतीवर थेट नको. वेल दाट होईपर्यंत बांबूची चिक (पडदा) सोडा.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत मला आणखी दोन गोष्टी खटकल्या. गच्चीच्या अगदी पुढच्या कोपऱ्यात काळी टाकी आणि दर्शनी भिंतीवरून उतरलेले तीन पाइप. टाकी मागच्या जिन्याच्या खोलीवर न्या, पाइप बाजूच्या भिंतीला. मीटर मात्र स्वतः हलवू नका, महावितरणकडे अर्ज करावा लागतो. एवढं झाल्यावर घराला एकच फिका रंग द्या. शेजाऱ्यांनी तीन दिले असले तरी.