शोल क्रीकमध्ये कयाक उतरवण्यापूर्वी

अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील ऑस्टिन शहरातला शोल क्रीक हा ओढा एरवी चुनखडीच्या पात्रात डबक्यांपुरताच उरतो आणि जोरदार पावसानंतर थोडेच तास खळाळून वाहतो, त्यामुळे पाणी दिसताच मित्रांसह कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी निमुळती होडी, घेऊन धावण्याचा मोह होतो, तो आवरावा. बाराव्या रस्त्यावरील जलमापकाची पातळी चढती असेपर्यंत काठावरच थांबावे, कारण मे १९८१ च्या पुरात शहरात १३ जण दगावले होते. पात्र कोरडे असतानाच पायी पाहून ठेवावे. फांद्यांना लटकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या मागच्या पुराची उंची दाखवतात. मला धास्ती वाटते ती खडकांपेक्षा आडव्या पडलेल्या झाडांची आणि ठेंगण्या पुलांची, कारण तेथून पाणी निघून जाते, माणूस मात्र अडकतो. हेल्मेट आणि लाइफ जॅकेट घालावेच. पाणी तोंडात जाऊ देऊ नये, ते सगळे रस्ते धुऊन आलेले असते.