प्लेटिंगच्या टाकीत करिअर? घरचे नको म्हणतात

तू लिहिलंयस की बीएस्सी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहेस, प्लेटिंगचं, म्हणजे धातूचा मुलामा द्यायचं, सोल्यूशन मेंब्रेन (पातळ पडदा) आणि करंट वापरून साफ करतात ते वाचून डोक्यात बसलंय, पण घरचे म्हणतात प्लेटिंग म्हणजे घाण काम, मग मेंब्रेन शिकू की सरळ एमबीए करू.

घरच्यांचं अगदीच चुकत नाहीये हं, क्रोम प्लेटिंगच्या टाकीत असतो त्या हेक्झाव्हॅलंट (सहा चार्जच्या) क्रोमने कॅन्सर होतो, त्यामुळे काळजी रास्तच आहे. पण तुला आवडलेलं काम नेमकं तो माल गटारात जाऊ नये म्हणूनच असतं.

क्रोमची टाकी घे. जॉबवरून, म्हणजे मुलामा द्यायच्या वस्तूवरून, सुटलेलं लोखंड, तांबं त्यात साठत जातं, ट्रायव्हॅलंट (तीन चार्जचा) क्रोम वाढतो, मग व्होल्टेज चढवावं लागतं, चमक जाते, कडा जळतात, आणि शेवटी सगळी टाकी टाकून द्यायची वेळ येते. मेंब्रेन सेलमध्ये कॅथोड (निगेटिव्ह टोक) वेगळ्या कप्प्यात असतो, मधे कॅटायन मेंब्रेन, म्हणजे पॉझिटिव्ह आयनच पलीकडे सोडणारा पडदा. लोखंड, तांबं पॉझिटिव्ह म्हणून पलीकडे जातात, क्रोमेट निगेटिव्ह म्हणून इकडेच राहतो, आणि लेडच्या अ‍ॅनोडवर (पॉझिटिव्ह टोकावर) ट्रायव्हॅलंटचा परत हेक्झाव्हॅलंट होतो. भारी आहे ना!

आता ब्रोशरमध्ये न लिहिलेली गोष्ट. हिशोबाने 1 अँपिअर-तासाला (1 अँपिअर करंट तासभर) साधारण 0.7 ग्रॅम फेरिक, म्हणजे तीन चार्जचं, लोखंड पलीकडे जायला हवं, पण टाकी इतकी अ‍ॅसिडिक असते की बराचसा करंट हायड्रोजन आयनच खातो, त्यामुळे हातात त्याहून खूप कमी येतं. वर कॅथोडच्या बाजूला पीएच चढला की लोखंडाचा हायड्रॉक्साइड होऊन मेंब्रेनवरच बसतो, मग उघडा, धुवा, परत लावा. हे सांभाळणाऱ्या माणसाला मेंब्रेनपेक्षा टाकी जास्त कळावी लागते.

म्हणून एमबीएचं आत्ता राहू दे, आणि फक्त मेंब्रेनवरचा महागडा कोर्सही नको. एमएस्सीला इलेक्ट्रोकेमिस्ट्री किंवा अ‍ॅनालिटिकल घे, आणि सुट्टीत एखाद्या प्लेटिंग शॉपच्या लॅबमध्ये दोन महिने टायट्रेशन (टाकीत काय किती आहे ते थेंबाथेंबाने मोजणं) कर, रोज, कंटाळा येईपर्यंत. पुढे प्लँट डिझाइन करावंसं वाटलं तर केमिकल इंजिनिअरिंगचा विचार तेव्हा करू. लॅबमध्ये जाण्याआधी एक्झॉस्ट चालू असतो का आणि ग्लोव्हज, गॉगल मिळतात का ते विचार, नाही म्हणाले तर ती जागा सोड, दुसरी बघ. घरच्यांनाही हेच दाखव.