नावात तारे आहेत कुठे?

जेन जॉन्स्टन स्कूलक्राफ्ट (1800–1842, उत्तर अमेरिकेतल्या ओजिब्वे या मूळनिवासी समाजातली आई, आयरिश वडील, इंग्रजी आणि ओजिब्वे दोन्हींत लिहिणारी कवयित्री) हिच्या ओजिब्वे नावाच्या अर्थात कुठे तारे दिसतात, कुठे नाही, हे कसं, आणि अशी नावं ठेवतं कोण, असं तुम्ही विचारलंय. आधी नाव फोडून बघू.

बामेवावागेझिकाक्वे. शेवटचं 'क्वे' म्हणजे इक्वे, बाई. मधलं 'गेझिक' म्हणजे गीझिग, आकाश. दिवसालाही हाच शब्द. म्हणून तर मिनेसोटाचा नामांकित पुढारी बगोनेगीझिग इंग्रजीत 'दिवसातलं भोक' होऊन बसला. कृत्तिकांनाही ओजिब्वे हेच म्हणतात, तेव्हा भोक आकाशातलं धरलेलं बरं. आपल्या नावाच्या सुरुवातीला आहे तो पुढे पुढे जाणारा आवाज. झालं, संपलं नाव! तारा म्हणजे अनंग (मदनाशी संबंध नाही), आणि तो इथे नाहीच. तारे आले ते 'आकाशातून धावणाऱ्या ताऱ्यांच्या आवाजाची स्त्री' या रूढ इंग्रजी अनुवादात. सुंदर आहेत, पण मला ते नाव वाचताना लांबून सरकत जाणारा गडगडाट ऐकू येतो.

आता देणारा. रूढ पद्धतीत आईवडील स्वतः नाव निवडत नाहीत. ते एखाद्या जाणत्या ज्येष्ठाकडे असेमा, म्हणजे तंबाखू, घेऊन जातात. ज्येष्ठाने ती हातात घेतली की जबाबदारी घेतली. मग थांबायचं. नाव बऱ्याचदा स्वप्नात येतं, आणि स्वप्नाला घाई चालत नाही. पुढे जेवण, चारी दिशांना नाव ऐकवणं. जमलेलेही ते उच्चारतात. तपशील ठिकाणागणिक बदलतात.

आपल्याकडे आत्या कानात 'कुर्र' करते आणि पेढ्यांकडे वळते. तिथे नातं त्या दिवशी सुरू होतं. नाव देणारा आणि घेणारा एकमेकांना एकच शब्द वापरतात, नीयवेन्एँ. त्यात 'नीयव' आहे, म्हणजे माझं शरीर. सत्तरीची आजी आणि पाळण्यातलं पोर, दोघं एकमेकांचे तेच. नावाचा पूर्ण अर्थही तिच्याकडेच असतो, कारण स्वप्न तिने पाहिलेलं असतं.

जुन्या स्पेलिंगवर मात्र विसंबू नका, ती इंग्रजी कानांनी टिपलेली आहेत. मिनेसोटा विद्यापीठाच्या ऑनलाइन ओजिब्वे शब्दकोशात ज्येष्ठांच्या आवाजातले उच्चार आहेत. तिथे गीझिग आणि गीझिक लागोपाठ ऐका. पहिलं आकाश, दुसरं सीडरचं झाड.