तांड्यापर्यंत नळ न्यायचा, पण वाटेत लेआऊट उगवू द्यायचे नाहीत: लाईन कशी टाकावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गावठाणातल्या टाकीपासून 1,200 मीटरवर 40 घरांचा तांडा आहे आणि तिथवर नळ न्यायचा आहे. सोबत गटारलाईनही टाकावी, असं ग्रामपंचायतीच्या काही सदस्यांचं म्हणणं आहे. पण लाईन ज्या रस्त्याने जाणार, त्या रस्त्यालगतच्या वावरांत प्लॉट पाडायला लोक टपून बसले आहेत.

पाणी न्यायलाच हवं. वस्ती पसरेल या भीतीने तांडा तहानलेला ठेवणं मला मान्य नाही. पसरण्याचं खरं कारण पाईपचा व्यास आणि वाटेतल्या जोडण्या हे आहे. ते दोन्ही आराखड्यातच बांधता येतात.

आधी मागणी मांडू. आज घरटी 5 धरून 200 माणसं. पाईपलाईन 30 वर्षांची धरतात, तोवर 260 होतील असं समजू. जल जीवन मिशनच्या माणशी 55 लिटरच्या मापाने रोज 14,300 लिटर लागतील, गळती वेगळी. हे पाणी 3 तासांत सोडायचं तर सेकंदाला साधारण 1.3 लिटर वाहतं. 75 मिमी एचडीपीई (लवचिक काळ्या प्लास्टिकच्या) पाईपमध्ये 1,200 मीटरला त्यासाठी जवळपास 3 मीटर दाब खर्च होतो (इथे दाब पाण्याच्या उंचीत मोजला आहे). टाकीचा तळ 12 मीटर उंच आणि जमीन सपाट असेल, तर तांड्यावर 9 मीटर दाब उरतो. एकमजली घरांना 7 मीटर पुरतो.

आता त्याच लाईनवर तांड्याजवळ 100 प्लॉटचं लेआऊट जोडलं असं समजा. माणसं 260 आणि 500 मिळून 760, प्रवाह जवळजवळ तिप्पट. दाबाचा खर्च मात्र तिप्पट न होता सातपट होतो, म्हणजे 20 मीटरच्या वर. टाकीच 12 मीटरची, तेव्हा शेवटच्या घराला थेंबही मिळणार नाही. मग गावात नळाला थेट जोडलेले छोटे टिल्लू पंप येतात. ते लाईनमधून पाणी ओढतात, लाईनमध्ये पोकळी (ऋण दाब) तयार होते आणि ढिल्या जोडातून नालीचं पाणी आत शिरतं.

«पुढची सोय म्हणून» 110 मिमी टाकायचा सल्ला कोणी ना कोणी देतोच. तो पाईप 75 मिमीच्या पावणेतीनपट पाणी नेतो. ते जास्तीचं पाणी तांड्याला लागत नाही, ते प्लॉट विकणाऱ्याच्या जाहिरातीला लागतं. खर्च गावाचा आणि भाव त्याच्या जमिनीचा वाढतो.

माझ्या मते याहून चांगला मार्ग म्हणजे वाटेत एकही जोडणी नसलेली बंद लाईन आणि तांड्यावर 15,000 लिटरची छोटी टाकी. ती सावकाश, 8 तासांत भरली तर सेकंदाला अर्धा लिटरच लागतो. मग 63 मिमी पाईपही पुरतो आणि दाब एक-दीड मीटरच जातो. गावच्या टाकीला या लाईनसाठी वेगळा आऊटलेट आणि वेगळा व्हॉल्व्ह ठेवा. सकाळचं वाटप आटोपून टाकी पुन्हा भरली की तो उघडायचा. तांड्याच्या टाकीवर फ्लोट व्हॉल्व्ह (टाकी भरली की आपोआप बंद होणारा) लावा. लाईनच्या दोन्ही टोकांना मीटर बसवा. लाईन बंद असल्यामुळे दोन्ही आकडे जुळायलाच हवेत. फरक पडला तर गळती आहे किंवा कोणी पाईपला भोक पाडून, सॅडल मारून पाणी घेतंय.

एक अट आहे. तांडे बहुधा बरडावर, गावापेक्षा उंचावर असतात. पाईप विकत घेण्याआधी जमिनीच्या उंचीची लेव्हल घ्या. तांडा 5-6 मीटर उंच निघाला तर टाकीवरून पाणी नीट पोचणार नाही. तेव्हा विहिरीवरूनच वेगळी ऊर्ध्ववाहिनी (पंपाने पाणी चढवणारी लाईन) न्यावी लागेल.

काळ्या जमिनीत लाईन का फुटते हेही लक्षात घ्या. पावसाळ्यात ती माती फुगते आणि उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात. सॉल्व्हंट सिमेंटने (सोल्यूशनने) चिकटवलेले पीव्हीसीचे जोड त्या ओढाताणीत उघडतात. म्हणून एचडीपीई घ्या आणि जोड गरम करून वेल्ड करा. पाईपवर किमान 90 सेंटीमीटर भराव हवा. पाईपखाली आणि भोवती 10-15 सेंटीमीटर वाळू किंवा चाळलेला बारीक मुरूम द्या, काळी ढेकळं पाईपला लागू देऊ नका. नाला ओलांडताना लोखंडी पाईप आणि भोवती काँक्रीट. उंचवट्यावर अडकलेली हवा सोडायला एअर व्हॉल्व्ह, खोलगट जागी गाळ काढायला वॉशआऊट. चर बुजवण्याआधी कामाच्या दाबाच्या दीडपट दाबावर चाचणी घ्या. कंत्राटदाराला घाई असते, पण बिलावर सही तुमची असते. पाणी सुरू झाल्यावर शेवटच्या नळाला लिटरमागे किमान 0.2 मिलीग्राम क्लोरीन येतंय का, ते रोज तपासा.

कागदाचं काम चर खोदण्याआधीच उरकायचं, कारण एकदा पाईप पुरला की नाही म्हणणं फार जड जातं. ग्रामसभेत गट क्रमांकांसह सेवाहद्दीचा (जिथवर नळ देणार त्या हद्दीचा) नकाशा ठरावात घ्या. बंद लाईनवर जोडणी देणार नाही, हे त्याच ठरावात लिहा. जमीन महसूल संहितेच्या कलम 42-ड ने गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतली जमीन निवासी होणं सोपं केलं. तिथे घरं होणारच, म्हणून ती हद्दीत धरा आणि गावच्या टाकीच्या हिशेबात घ्या. त्यापलीकडे लेआऊट आलं, तर मंजूर नकाशा आणि जमीन निवासी वापराला मोकळी असल्याचा कागद मागा. आतली लाईन आणि वाढीव टाकीचा खर्च लेआऊटवाल्याने करावा, अशी अट ठेवा. सातबाऱ्यावर शेतीच असलेला गुंठा-दोन गुंठ्यांचा प्लॉट घेऊन आज राहत असलेल्या गरिबाला मात्र कोरडं ठेवू नका. त्याच्यासाठी हद्दीच्या टोकाला, गावच्या वाटपाच्या लाईनवर, सार्वजनिक नळ द्या. माणसाला पाणी मिळतं, प्लॉटला घरगुती जोडणीची किंमत चढत नाही.

गटारलाईनला माझा स्पष्ट नकार आहे. गटार स्वतःला धुवत राहायला पाण्याला सेकंदाला 0.6 मीटर तरी वेग लागतो, आणि त्यासाठी माणशी 135 लिटरचा पुरवठा धरतात. 55 लिटरवर 150 मिमीच्या गटारात घाण बसून राहते. दर 30 मीटरला मॅनहोल, शेवटी प्रक्रिया केंद्र आणि पंपाचं वीजबिल, हा भार ग्रामपंचायतीला पेलत नाही. तो भागवायला जोडण्या वाढवाव्या लागतात आणि तेच तुम्हाला नको आहे.

शौचालयाला आलटून-पालटून वापरायचे दोन खड्डे ठेवा. काळ्या मातीत खड्ड्याच्या भिंतीबाहेर चहूबाजूंनी 30 सेंटीमीटर वाळू-गिट्टीचं वेष्टन द्या आणि विहीर-हापशीपासून 10 मीटर लांब राहा. सांडपाण्याचा शोषखड्डा मात्र इथे डोळे झाकून खणू नका. पाच माणसांच्या घरातून रोज 220 लिटर सांडपाणी निघतं. चिकट मातीत एक चौरस मीटर भिंत दिवसाला 10 लिटरच शोषते. म्हणजे 1 मीटर लांब-रुंद-खोल खड्डा 40 लिटर जिरवतो आणि बाकीचं पाणी गल्लीत येतं. काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत खणता आलं तर शोषखड्डा चालतो. नाही लागला तर परसबागेत पाणी फिरवा, किंवा झाकलेली नाली काढून तांड्याच्या उताराला एक स्थिरीकरण तळं (सांडपाणी साठून ऊन-हवेने निवळेल असं) करा. तळ्याची जागा ठरवताना पावसाळ्यात पाणी कोणत्या धुऱ्याने येतं, हे तांड्यातल्या बायांना विचारा, त्यांना ते नेमकं ठाऊक असतं.