म्युनिकची ऑफर, चार वर्षांची मुलगी आणि जे नंतर दुरुस्त होत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३१, हिंजवडीत आयटीत नोकरी, म्युनिकहून वर्षाला ७०,००० युरोंची ऑफर, बायको डेंटिस्ट, मुलगी ऑगस्टची, नुकतीच चार पूर्ण, आईवडील सिंहगड रोडला. यावं का, आणि यायचं तर काय तयारी करावी?

व्हिसा आणि ब्लू कार्ड (शिकलेल्या परदेशी नोकरदारांचा राहण्या-कामाचा परवाना) यांबद्दल मी लिहीत नाही. ते सगळं वकिलातीच्या साइटवर नीट दिलंय आणि चांगली डिग्री, चांगली कंपनी असेल तर तो सगळ्यात सोपा भाग आहे. पुण्यातून निघणारी माणसं सहा महिने व्हिसाचा घोर लावून घेतात आणि खरे प्रश्न विमानात बसल्यावर सुरू होतात. मी इथे बरीच वर्षं आहे. माझ्या मते गोष्टी दोनच प्रकारच्या असतात: चुकल्या तर नंतर निस्तरता येतात त्या, आणि येत नाहीत त्या. पहिल्या प्रकारच्या भरपूर आहेत, डोकं खातात, पण संपतात. दुसऱ्या तीन-चारच आहेत.

आधी नावं. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मिळून एका रकान्यात येतं. इथे ते सगळं मिळून तुमचं पहिलं नाव समजतात आणि पगारपत्रकापासून विम्याच्या कार्डापर्यंत तसंच छापतात. ते चालतं. पंचाईत होते ती बायकोच्या कागदांची. डेंटलची डिग्री माहेरच्या नावावर, कौन्सिलची नोंदणी माहेरच्या नावावर, क्षेत्रीय कार्यालयातून मिळालेला विवाह नोंदणीचा नमुना ई माहेरच्या नावावर, आणि पासपोर्ट व आधार सासरच्या नावावर. इथल्या अधिकाऱ्याला ही दोन वेगळी माणसं दिसतात. नाव बदललेलं असेल तर राजपत्रात नावबदल करून त्याची प्रत सोबत आणा. पासपोर्ट अजून माहेरच्याच नावावर असेल तर तो तसाच राहू द्या. इथे लग्नानंतर आपलं नाव ठेवणाऱ्या बायका सर्रास असतात, कुणी काही विचारत नाही.

मुलीचा जन्मदाखलाही आजच काढून बघा. बाळंतपण माहेरी झालं असेल तर दाखला पुण्याचा नसून सांगली-सोलापूरचा असतो आणि दुरुस्ती तिथल्याच पालिकेत होते. कित्येक दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं, नुसतं ‘मुलगी’. कुठे आईचं आडनाव नसतं. नाव नंतर चढवता येतं, १५ वर्षांपर्यंत, पण कोणीतरी तिथे जाऊन अर्ज द्यावा लागतो. तुम्ही म्युनिकमधून तो अर्ज देऊ शकत नाही. ते काम शेवटी सासऱ्यांच्या माथी येतं.

मग पत्ता. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत नोंदणी करायची असते, अनमेल्डुंग म्हणतात तिला. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा एक पानी कागद लागतो. त्यावर राहायला गेल्याची तारीख आणि घरात राहणाऱ्या सगळ्यांची नावं हवीत, चार वर्षांच्या मुलीचंसुद्धा. आयतं फर्निचर असलेली तात्पुरती भाड्याची घरं हा कागद पुष्कळदा देत नाहीत. कागद नाही तर नोंदणी नाही, नोंदणी नाही तर टॅक्स नंबर नाही. म्हणून कंपनीला लेखी विचारा की पहिल्या तीन महिन्यांच्या घरात नोंदणी होते का. आणि किल्ली मिळाली त्याच संध्याकाळी खालच्या पत्रपेटीवर नावाची पट्टी चिकटवा. इथे पोस्टमन फ्लॅट नंबर बघत नाही, नुसतं आडनाव बघतो. पट्टीवर आडनाव नसेल तर टॅक्स नंबर, बँकेच्या कार्डाचा पिन, विम्याचं कार्ड, सगळं परत जातं. तुमची आडनावं वेगळी असतील तर दोन्ही लिहा.

लग्नाचा दाखला नोंदणीत चढला नाही तर पगार टॅक्स क्लास १, म्हणजे अविवाहितांच्या गटात कापला जातो. बायको कमवत नसताना तुम्हाला क्लास ३ मिळू शकतो, आणि तुमच्या पगारावर या दोन्हींतला फरक महिन्याला चारशे-साडेचारशे युरोंचा आहे. वर्षअखेरीस रिटर्न भरला की पैसे परत मिळतात, पण पहिल्या वर्षी प्रत्येक युरोची गरज असते. ७०,०००ला शंभराने गुणून नातेवाईक सत्तर लाख म्हणतील. हातात क्लास ३ मध्ये महिन्याला साधारण ४,००० युरो येतात. आपल्या टूबीएचकेला इथे तीन खोल्यांचं घर म्हणतात, हॉलही खोलीत मोजतात. तसं घर म्युनिकमध्ये गरम पाण्या-हीटिंगसकट २,०००च्या आसपास जातं. डिपॉझिट मूळ भाड्याच्या तिप्पट असू शकतं, ते तीन हप्त्यांत देण्याचा हक्क कायद्याने आहे. पुष्कळ घरांत स्वयंपाकघर नसतं, म्हणजे ओटा, सिंक, शेगडी काहीच नसतं, भिंतीतून नुसते नळ निघालेले असतात. जाहिरातीत ईबीके लिहिलं असेल तर ओटा आहे. हे सगळं निस्तरता येणारं.

न निस्तरता येणारी पहिली गोष्ट म्हणजे आरोग्य विमा. पगार एका मर्यादेवर गेला की खासगी विमा घेता येतो. २०२५ मध्ये ही मर्यादा ७३,८०० युरो होती, म्हणजे एका बढतीत तुम्ही तिथे पोचाल. एजंट लगेच फोन करतील, तरुण माणसाला हप्ता कमी पडतो असं दाखवतील. सरकारी विम्यात न कमावणारी बायको आणि मूल फुकट येतं, खासगीत प्रत्येकाचा वेगळा हप्ता आणि तो वयाबरोबर वाढतो. परत सरकारीत येणं अवघड, ५५ नंतर जवळजवळ अशक्य. तुमच्या कुटुंबाला सरकारीच बरा.

दुसरी गोष्ट बायकोचं करिअर. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला पहिल्या दिवसापासून कुठलंही काम करता येतं, हे खरं. पण दंतवैद्यक हा परवान्याचा व्यवसाय आहे. साधं जर्मन बी२ (भाषेच्या पातळ्या ए१ पासून सी२ पर्यंत चढत जातात), त्यावर व्यवसायाच्या भाषेची सी१ पातळीची परीक्षा, मग शिक्षण समतुल्य आहे का याची छाननी, आणि ती अडली तर ज्ञानाची वेगळी परीक्षा. छाननीसाठी विषयवार तासांचा अभ्यासक्रम लागतो, नुसती गुणपत्रिका नाही. तो कॉलेज आणि विद्यापीठाकडून सही-शिक्क्यानिशी पुण्यातच घ्या. महाराष्ट्राच्या डेंटल कौन्सिलचं गुड स्टँडिंग, म्हणजे नोंदणी चालू आहे आणि तक्रार नाही असं प्रमाणपत्र, मात्र घाईने काढू नका, अर्जाच्या वेळी ते ताजं लागतं. या सगळ्याला दोन-तीन वर्षं सहज जातात. त्या काळात ती घरी, मुलगी आजारी पडली की घरी, तुम्ही ऑफिसमध्ये इंग्रजी बोलताय, आणि सगळ्या कुटुंबात भाषेची सर्वांत जास्त गरज जिला आहे तिलाच शिकायला वेळ नाही. हे मी इथल्या कितीतरी मराठी घरांत बघितलंय आणि दर वेळी जीव तुटतो. उपाय एकच, तिने बी१ पुण्यात करून निघावं. बोट क्लब रोडला मॅक्स म्यूलर भवन आहे, फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूट आहे. तिथे तिचा क्लास, तिचा वेळ, मुलीला सांभाळायला आजी-आजोबा. इथे यातलं काहीच नसेल.

आता तिसरी गोष्ट, शाळा. यावर मी जास्त लिहिणार, कारण हा विषय निघाला की मला अजूनही शांतपणे बोलता येत नाही.

बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, चौथीनंतर मुलांची वाटणी होते. चौथीच्या मे महिन्यात एक प्रगतिपुस्तक येतं. जर्मन, गणित आणि परिसर-विज्ञान या तीन विषयांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझियम (विद्यापीठाकडे नेणारी शाळा), २.६६ पर्यंत रेआलशूल (मधली, दहावीपर्यंतची), त्यापुढे मिटेलशूल (कामधंद्याच्या शिक्षणाकडे नेणारी). इथे १ सगळ्यात चांगला गुण आणि ६ सगळ्यात वाईट. दहा वर्षांच्या मुलाची सरासरी दोन दशांश स्थळांपर्यंत काढून त्याची शाळा ठरवतात. सरासरी कमी पडली तर तीन दिवसांच्या चाचणी-वर्गात पास होऊन गिम्नाझियमला जाता येतं. पुढेही वाटा आहेत, मिटेलशूलमधून चांगली मुलं दहावी करून वर चढतात, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण चढावं लागतं, आणि वर्गातली मैत्रीण ज्या दारातून सहज आत गेली तिथे आपल्याला का जाता आलं नाही, हे दहा वर्षांच्या मुलाला समजावणं फार जड जातं.

मला खुपतं ते वेगळंच. परिसर-विज्ञानाच्या पेपरात विजेच्या परिपथाचं चित्र असतं: बॅटरी, दिवा, एक तुटलेली तार. दिवा का लागत नाही ते पूर्ण वाक्यात लिहा. मुलाला तार तुटलेली दिसते, कारण माहीत असतं, पण वाक्यात क्रियापद चुकीच्या जागी पडतं किंवा नेमका शब्द आठवत नाही आणि गुण जातो. गणितातही शाब्दिक उदाहरणांत तेच. आपल्या मुलांना विषय येत असतो, वाक्य येत नसतं, आणि कागदावर विषयच येत नाही असं उमटतं. पहिलीपासून जर्मन शाळेत नसलेल्या परभाषिक मुलांना थोडी सवलत आहे. जर्मनमधली उणीव भरून निघण्यासारखी असेल तर ३.३३ पर्यंत विचार करतात. ही सवलत पालकांना कुणी आपणहून सांगत नाही. तुम्हाला ती लागणारही नाही, कारण तुमची मुलगी पहिलीपासून इथेच असेल. पण मागून येणाऱ्या मित्रांना सांगा.

तुमच्या बाजूने सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मुलीचं वय. शाळेआधीच्या दीड वर्षात बालवाडीत भाषेचा पूर्ववर्ग असतो, एकूण २४० तासांचा, निम्मे तास बालवाडीतल्या बाई घेतात आणि निम्मे प्राथमिक शाळेच्या. तो पूर्ण मिळाला पाहिजे. ३० सप्टेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होणारी मुलं त्याच सप्टेंबरात पहिलीत जातात, पण जुलै ते सप्टेंबरमधला जन्म असेल तर एक वर्ष थांबायचं का हे पालक ठरवतात. तुमची मुलगी ऑगस्टची. शाळा सल्ला देईल, बालवाडी सल्ला देईल, इथले इतर देशी पालक ‘वर्ष वाया जाईल’ म्हणतील. माझं स्पष्ट मत आहे, थांबवा. ते एक वर्ष चौथीच्या मे महिन्यात कामी येतं. आणि घरी मराठीच बोला. मोडकं जर्मन तुमच्याकडून शिकून तिचा काहीही फायदा नाही, आणि मराठी गेली की आजी-आजोबांशी फोनवर बोलणं ‘जेवलीस का’च्या पुढे जात नाही. आंतरराष्ट्रीय शाळेचा विचार डोक्यात असेल तर फी वर्षाला वीस हजार युरोंच्या वर असते, हिशेब तुम्हीच करा.

शाळा सुरू झाली की सुट्टीखेरीज मूल गैरहजर ठेवता येत नाही, दंड होतो, विमानतळावर पोलीस विचारतात. शरदातली सुट्टी एक आठवडा, १ नोव्हेंबरच्या आसपास. त्यात दिवाळी बसली तर बसली.

एकटेपणाचं विचारलंत. येतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जास्त येतो, साडेचारला अंधार पडतो. महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती आहे, भाषा आली की शेजारीही येतात. त्यासाठी येणं रद्द करू नका.

आईवडिलांचं मात्र नीट ठरवून या. ते ९० दिवस येऊन राहू शकतात, त्यांना कायमचं आणता येतं का हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तीन वर्षांनी विचाराल. १ मार्च २०२४ नंतर पहिल्यांदा कुशल कामगाराचा परवाना मिळालेल्यांना आईवडिलांना, सासू-सासऱ्यांनाही आणण्याची सोय कायद्यात झाली आहे. अडचण विम्याची. सरकारी विमा त्यांना घेत नाही आणि सत्तरीतल्या, मधुमेह-रक्तदाब असलेल्या माणसाला खासगी कंपन्या एकतर नाही म्हणतात किंवा परवडणार नाही असा हप्ता सांगतात. त्यामुळे ती सोय कागदावरच आहे असं समजून चला. त्यांचा पुण्यातला विमा आजारपण सुरू होण्याआधी मोठ्या रकमेचा करा, रात्री दोनला कोण दवाखान्यात नेईल त्या माणसाशी स्वतः बोला, त्याच्याकडे घराची किल्ली आणि पॉलिसीची प्रत ठेवा. बहीण असेल तर सगळं तिच्यावर पडणार आहे, हे तिला आजच सांगा आणि पैशाचा वाटाही आजच ठरवा. लांब राहणारा भाऊ सल्ले देतो आणि जवळची बहीण रांगेत उभी राहते. यातून तुटलेली नाती मी पाहिली आहेत आणि ती वेळेवर बोलून वाचली असती.

पुण्यातली बाकीची कामं पटकन सांगते. सिम स्वतःच्या नावावर असू द्या, रोमिंग निघण्याआधी सुरू करून घ्या, रिचार्ज बंद पडू देऊ नका. बँक, पीएफ, आयकर सगळं ओटीपीवर चालतं. साधं बचत खातं एनआरओ (अनिवासी माणसाचं भारतातल्या पैशासाठीचं खातं) करून घ्या. एनआरई खात्यावरचं, म्हणजे परदेशातली कमाई भारतात ठेवायच्या खात्यावरचं, व्याज भारतात करमुक्त असतं पण जर्मनीत ते उत्पन्नात दाखवावं लागतं, एफडीचंही. मुळशीकडे शेतजमीन घ्यायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, अनिवासी झाल्यावर शेतजमीन किंवा फार्महाउस विकत घेता येत नाही, वारसाने येऊ शकते. फ्लॅटसाठी मुखत्यारपत्र निघण्याआधी करा. संगम पुलाच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना घेऊन ठेवा, पण इथे आपला परवाना सहाच महिने चालतो, मग लेखी आणि गाडीची दोन्ही परीक्षा.

माझं उत्तर ‘या’ असं आहे, आणि ते मुलीच्या वयावर दिलंय. ती आठ वर्षांची असती तर मी वेगळं लिहिलं असतं. सही करण्याआधी कंपनीकडून तीन गोष्टी लेखी घ्या: नोंदणी होईल असं पहिलं घर, दोघांच्या जर्मन क्लासचा खर्च, आणि जॉइनिंगची तारीख फेब्रुवारी-मार्चच्या पुढे न जाणारी, म्हणजे मुलीला पूर्ववर्ग मिळेल. बालवाडीच्या जागेसाठी म्युनिकच्या किटा फाइंडर या साइटवर पत्ता पक्का होताच अर्ज टाका, जागा कमी आहेत. तुमचा नोटीस पिरियड तीन महिन्यांचा आहे म्हणालात. राजीनामा द्यायच्या आधीच बायकोचं नाव क्लासला घाला.