सगळं जुळूनही काही जोडपी नाखूष का असतात?

पत्रिका, पगार, शिक्षण सगळं जुळूनही समाधान का नसतं असं विचारलंय, तर माझ्या मते मुख्य गोष्ट म्हणजे जोडीदाराच्या वागण्याचा आपण अर्थ काय लावतो. नवरा उशिरा आला, फोन पण नाही केला, तर एक बायको म्हणते कामात अडकला असेल, दुसरी म्हणते ह्याला माझी पर्वाच नाही, घटना तीच पण दुसऱ्या घरात दोन दिवस अबोला.

अमेरिकेत सिएटलला जॉन गॉटमन या मानसशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं जोडप्यांची भांडणं रेकॉर्ड करून अभ्यासली, त्यात दिसलं की सुखी जोडप्यांत भांडताना सुद्धा एका कडू गोष्टीमागे साधारण ५ चांगल्या गोष्टी असतात, म्हणजे हसणं, ऐकून घेणं, "बरं, तुझं पण खरंय" म्हणणं वगैरे. आणि सगळ्यात घातक काय तर तुच्छता. माहेरच्यांवरून टोमणे, चारचौघात "हिला काय कळतंय", हे आपल्याकडे चेष्टा म्हणून खपवतात ते मला अजिबात पटत नाही. भांडा खुशाल पण अपमान नको.

अजून एक, दोघांपैकी कोणाला डिप्रेशन किंवा सततची चिंता असेल तर नात्यावर परिणाम होतोच, तेव्हा स्वभावाला दोष देण्याआधी डॉक्टरांना दाखवा.