वाचकांचे प्रश्न : मिठात साठवलेलं ऊन

प्रश्न : स्पेनमधल्या एका ५० मेगावॅटच्या सौर प्रकल्पात उष्णता साठवायला २८,५०० टन मीठ वापरतात, असं वाचलं. इतकं लागतं? (वाचक, सोलापूर)

उत्तर : आकडा खरा आहे, ग्रानादा प्रांतातल्या अंदासोल-१ चा. पण तो सरसकट लावू नका. हे मीठ खायचं नव्हे. वजनाने ६० टक्के सोडियम नायट्रेट आणि ४० टक्के पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे आपला सोरा. एक किलो मिश्रण एक अंश तापवायला दीड किलोज्यूल लागतात, गार टाकीतलं मीठ उन्हाच्या उष्णतेने तापवून गरम टाकीत साठवतात, तेव्हा सगळा हिशेब या दोन टाक्यांतल्या तापमानाच्या फरकाचा. अंदासोलमध्ये पन्हळीच्या आकाराच्या आरशांवरच्या नळीतून तेल फिरतं. ते ४०० अंशांपुढे नेलं की खराब होऊ लागतं. म्हणून टाक्या २९२ आणि ३८६ अंशांवर, फरक जेमतेम ९४. सेव्हिल प्रांतातल्या हेमासोलार प्रकल्पात आरशांनी मनोऱ्यावर ऊन एकवटून मीठच थेट तापवतात, २९० वरून ५६५ पर्यंत. टनामागे जवळपास तिप्पट उष्णता मिळते, सुमारे ११५ युनिट (किलोवॅट-तास).

या दुसऱ्या पद्धतीने ५० मेगावॅट दहा तास चालवायचे तर ५ लाख युनिट वीज हवी. टर्बाइनची कार्यक्षमता ४० टक्के धरली तर साडेबारा लाख युनिट उष्णता, म्हणजे १०,९०० टन मीठ. तळाचा थोडा थर पंपाला ओढता येत नाही, तेव्हा १२,००० टन धरा. अंदासोलला २८,५०० टनांत साडेसात तासच मिळतात.

प्रश्न : रात्री पाइपात मीठ गोठत नाही का? (वाचक, नाशिक)

उत्तर : गोठतं, म्हणून तर एवढा खटाटोप. साधारण २४० अंशांखाली खडे धरू लागतात आणि २२० ला दगड होतो. पाइपांवर विजेच्या हीटिंग केबल गुंडाळतात आणि पाइप उतारावर टाकतात, म्हणजे संध्याकाळी मीठ आपोआप टाकीत उतरतं. एखादी केबल जळाली की नेमक्या तेवढ्याच तुकड्यात बूच बसतं. ते काढताना घाई नडते. मीठ वितळताना साडेचार टक्क्यांनी फुगतं. मधला भाग आधी तापवला तर दोन्ही बाजूंच्या बुचांत अडकलेला द्रव पाइप फाडतो. तापवायला सुरुवात नेहमी मोकळ्या तोंडाकडून करायची.

प्रश्न : मग टाक्या का गळतात? (वाचक, पुणे)

उत्तर : अमेरिकेत नेवाडातल्या क्रेसेंट ड्यून्स या अशाच मिठाच्या सौर प्रकल्पाची गरम टाकी २०१६ मध्ये गळली आणि प्रकल्प कित्येक महिने बंद राहिला. दुखणं बहुधा तळाला असतं. गरम टाकी स्टेनलेस स्टीलची. तिचा ४० मीटर व्यासाचा तळ हवेच्या तापमानावरून ५६५ अंशांवर गेला की जवळजवळ ३९ सेंटिमीटर पसरतो. वर दहा मीटर मीठ असेल तर प्रत्येक चौरस मीटरवर १७ टनांहून जास्त भार. पत्रा मात्र मिलिमीटरांत मोजायचा. पायावर तो सहज सरकला नाही तर सुरकुती पडते आणि ताण वेल्डिंगवर जातो. त्यात येणारं मीठ एकाच कोपऱ्यात पडून तळ असमान तापला तर भेग ठरलेलीच. म्हणून पहिल्यांदा भरण्याआधी टाकी गरम हवेने सावकाश तापवतात आणि मीठ भोकांच्या गोल पाइपातून सगळीकडे सारखं सोडतात. आमच्या मते खर्च वाचवायची ही जागाच नव्हे.

प्रश्न : आमच्या छोट्या डेअरीला हे जमेल? (वाचक, सांगली)

उत्तर : मिठाच्या वाटेला जाऊ नका. दूध ७२ अंशांवर पाश्चराइज करायला पाणी पुरे, आणि किलोमागे, अंशामागे ते मिठाच्या पावणेतीनपट उष्णता धरतं. ९० वरून ७५ अंशांवर उतरताना १,००० लिटर पाणी १७ युनिटांहून थोडी जास्त उष्णता देतं. टाकी उभी आणि उंच घ्या. गरम पाणी वरून काढा, परतीचं तळाशी हळू सोडा. परतीची धार जोरात आली की थर मोडतात आणि सगळी टाकी कोमट होऊन बसते.